नव्या भाताला थांबलेलं गाव

॥ श्री ॥

झरी, ता. तलासरी
९ ऑगस्ट २०२५

ती. जयमाला मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उघडून आधी शुद्धलेखन तपासशील हे ठाऊक आहे, म्हणून सावकाश लिहिते आहे. इथे उमेशच्या घरी फोनची रेंज फक्त मागच्या टेकाडावर येते, आणि पावसात तिथे उभं राहून बोलायचं म्हणजे निम्मं बोलणं छत्रीच ऐकते. शिवाय फोनवर तू नुसतं हं, हं करतेस. पत्राला तुला उत्तर द्यावंच लागेल.

मी पुण्यातली नोकरी सोडली हे आईने तुला सांगितलं असेलच. तिने ते तिच्या पद्धतीने सांगितलं असणार, आता माझ्या पद्धतीने ऐक. उमेश आणि मी पुण्याला एकाच ऑफिसात कॉम्प्युटरवरचे खेळ बनवत होतो. त्याचं गाव झरी निघालं नि माझं डहाणू, तेव्हापासून आमचा डबा एकत्र. त्याची बहीण रविना चित्रं काढते. आता तिघांनी मिळून स्वतःचा खेळ करायला घेतला आहे. मी रविनाच्या खोलीत राहते. हे आईला तू पुन्हा एकदा सांग, माझं सांगून झालं आहे.

खेळ तू खेळतेस तसलाच. घर बांधायचं, त्यात माणसं आणायची, त्यांना खाऊ घालायचं, कामाला पाठवायचं, त्यांची लग्नं लावायची. तुझा तो मोठा खेळ पंचवीस वर्षं या गादीवर एकटाच बसून आहे. पण लोक आता कुरकुरायला लागले आहेत. कुत्रा हवा तर वेगळा विकत घ्या, पाऊस हवा तर तोही वेगळा विकत घ्या. म्हणून जगभरातून नवे नवे लोक त्याला टक्कर द्यायला उतरले आहेत. कुणाच्या खेळातली माणसं सिनेमातल्यासारखी देखणी आहेत, कुणाचा खेळ बाजारात यायच्या आधीच गुंडाळला गेला. त्या रांगेत सगळ्यात शेवटी आम्ही तिघं उभे आहोत. आमच्या खेळाचं नाव 'खळं'. त्यातलं गाव झरीसारखंच आहे, भातशेती, नागली आणि मागे टेकाड.

तुझ्याकडे एक काम आहे. मोठ्या खेळात तुझ्याइतकी मुरलेली बाई अख्ख्या डहाणू तालुक्यात नसेल. बारावीनंतर मी माझा कॉम्प्युटर बोर्डीला ठेवून गेले, तू निवृत्त झाल्यावर धूळ पुसायला म्हणून तो उघडलास, तो अजून बंद केलेला नाहीस. आमचा खेळ पहिल्यांदा तू खेळावास अशी माझी इच्छा आहे. तुला पटला तर बाकी जगाचं नंतर बघू.

उमेशची आजी, बायजी, तुला ओळखते म्हणते. तिच्या मते बोर्डीच्या शाळेतली उंच बाई ती तूच. सहल घेऊन वेवजीला आली होतीस आणि ओहोळात पाय घालू नका म्हणून पोरांना ओरडता ओरडता स्वतःच घसरलीस. खरं असेल तर कळव.

माझ्यावर लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी,
श्रुतिका


॥ श्री ॥

बोर्डी
१७ ऑगस्ट २०२५

चि. श्रुतिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पहिल्या पानावर एकही चूक सापडली नाही, दुसऱ्या पानावर वाचण्यात रंगले म्हणून तपासायचं राहिलं. ओहोळात घसरले होते हे खरं आहे. बायजींना नमस्कार सांग आणि हे प्रकरण शाळेत कुणाला कळलेलं नाही, तेवढं तसंच राहू दे म्हणावं.

तुझ्या आईशी बोलले. तिचं म्हणणं असं की लोक तलासरीहून पुण्याला जातात, आमची मुलगी पुण्याहून तलासरीला गेली. रविनाच्या खोलीचं मी सांगितलं. तिने ते अण्णांना सांगितलं, तर अण्णांनी एवढंच विचारलं की तिकडे जेवायला काय असतं. तुझे वडील जन्मभर रेल्वेत राहिले, पण त्यांची गाडी शेवटी जेवणापाशी येऊन थांबते.

आता तुझ्या खेळाचं. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी, असं लिहिणार होते. पण तट्टाणीवर माझीच भाची बसली आहे, म्हणून गिळलं. मोठ्या खेळावर माझाही राग आहे. इतकी वर्षं खेळते, मागच्या अंगणात लिंबू लावता येतं, सफरचंद लावता येतं, चिकू नाही. कंपनीला मी इंग्रजीतून पत्रं पाठवली. आभाराचं उत्तर आलं, चिकू आला नाही. तुमच्या खेळात चिकू असेल तर पहिला गुण तुम्हाला दिला.

दुसरी अट चेष्टेची नाही. मोठ्या खेळात एक बटण आहे. ते बंद केलं की माणसं म्हातारी होत नाहीत. माझ्या घरात ते पहिल्या दिवसापासून बंद आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिथल्या घरात दोघंच राहतात. बाईला मी काहीतरी नाव दिलं आहे, पण माणसाचं नाव सुदर्शन आहे. तुझे काका होते तोवर मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. ते नाव टाइप करताना मी घराचं दार लावून घेतलं होतं, जसं काही कुणी ऐकणारच होतं. चष्मा तसाच दिला आहे, चौकड्यांचा शर्ट दिला आहे. ते रोज सकाळी कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. खऱ्यात काका एका सकाळी घोलवड स्टेशनवर ड्युटीला गेले आणि दुपारी तिथेच खुर्चीत गेले, तुला आठवत असेल. इथे ते परत येतात, एवढंच मला पुरतं. तुमच्या खेळात असं बटण असेल तर पाठव. नसेल तर माझा जीव त्यात रमायचा नाही.

माझी कीव करू नकोस आणि हे आईला सांगू नकोस. ती पाकिटावर 'गं. भा. जयमाला' लिहिते तेव्हाच मला तिचा राग येतो. हे कळलं तर ती येऊन कॉम्प्युटरची शांत करून जाईल.

पावसात टेकाडावर चढू नकोस. प्रेम आहे ते आहेच.
तुझी,
मावशी


॥ श्री ॥

झरी
१४ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कीव केली नाही. रडले, ते वेगळं. आईला सांगितलं नाही.

खेळ आता बराच उभा राहिला आहे. आमच्या खेळात घर एकट्याने बांधताच येत नाही. कारवीच्या काड्या तू आणशील, पण कुडाच्या भिंती उभ्या करायला नि लिंपायला शेजारी यावे लागतात. आणि त्यांच्या घराला तू गेली नसशील तर ते येत नाहीत. मोठ्या खेळात आधी मागणी, मग लग्न, मग घर, मग मूल अशी सरळ शिडी आहे. इथे उमेशच्या आईवडिलांचं, म्हणजे तुळशीकाकू आणि लहान्याकाकांचं, लग्न उमेश आणि रविना झाल्यावर लागलं. इकडे दोघं एकत्र राहायला लागली की संसार सुरू होतो, विधी जमेल तेव्हा. कुणाकुणाचं तर मुलाच्या मांडवातच आईबापाचंही लागतं. रविनाला आईबापाचं लग्न आठवतं, ती कुणाच्या तरी खांद्यावर बसून सगळं बघत होती. खेळात आम्ही तीच रीत ठेवली आहे. हेही आईला सांगू नकोस.

खेळातला सगळ्यात मोठा दिवस नव्या भाताचा. कापणी होते, खळ्यावर झोडणी होते, आणि तोवर नवा दाणा कुणी तोंडात घालत नाही. मग नवा भात शिजतो, घरातलं एखादं मोठं माणूस एकेकाला नावाने हाक मारतं, शेजाऱ्यांनाही बोलावलेलं असतं, सगळे येऊन बसले की जेवण. रविनाने त्या भातावरची वाफ इतकी सुंदर काढली आहे की बघतानाच भूक लागते.

पण मावशी, बटण नाही. ते ठेवायचं नाही असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आमच्या गावात बियाणं कुठे ठेवलंय, कुठल्या पाण्याला काय पिकतं हे म्हाताऱ्यांनाच ठाऊक असतं, आणि ते तरुणांना सांगून जातात. कुणी म्हातारं झालंच नाही तर खेळ पुढे जात नाही. तुझं पत्र आल्यापासून मात्र मला चैन नाही. त्यातून मुंबईची एक कंपनी आमचा खेळ जगभर पोचवायला तयार झाली आहे, आणि तिची पहिली मागणी तीच, मोठ्या खेळात आहे ते बटण तुमच्यातही हवं. उमेश नाही म्हणतो. मी मधल्या मधे. तू खेळ आणि तूच सांग.

पेन ड्राइव्ह पाकिटात आहे. चिकू आहे. रविनाने आधी काढला तो बटाटा दिसत होता, तुझ्या बागेतले आठवून मी तो नीट करून घेतला.

बायजी म्हणते, तुझ्या त्या घसरण्याचं तिने घरातल्यांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. घरात एकंदर सात माणसं आहेत.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
श्रुतिका


॥ श्री ॥

बोर्डी
५ ऑक्टोबर २०२५

चि. श्रुतिकास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. टपालवाल्याने ते हलवून विचारलं की आत बियाणं आहे का. हो म्हटलं.

खेळायला बसले. भिंती घालायला कुणी आलं नाही, कारण मी कुणाकडे गेले नव्हते. मला तो अपमान वाटला. मग मुकाट्याने दोन घरांची माती मळून आले, तेव्हा आले. ही गोष्ट चांगली केलीत. आमच्या आळीत काही लोकांना दाखवण्यासारखी आहे. अंगणात चिकू लावला. माणसाचं नाव काय द्यावं म्हणून बराच वेळ बसून राहिले. दुसरं काही सुचेना, तेच दिलं.

सुरुवातीला बरं चाललं होतं. त्यांना शेतातलं काही येत नव्हतं, स्टेशनवरच्या माणसाला कुठून येणार. पण शिकले. घरात एक पोरगी आली, तिचं मी फार कौतुक केलं. मग एका दुपारी चहा घेऊन बसले तर त्यांचे केस पांढरे. मला वाटलं रविनाचं काहीतरी चुकलं. पुढे ते पाठीत वाकले. मग शेतावर जायचे थांबले आणि ओट्यावर बसून राहायला लागले.

श्रुतिका, मी त्यांचं म्हातारपण पाहिलेलं नाही. ते आम्हाला मिळालंच नाही. तुझ्या खेळाने ते समोर आणून बसवलं आणि मी घाबरले. तसाच बंद करून टाकला. पेन ड्राइव्ह तांदळाच्या डब्यात ठेवून दिला आहे, भिजलेला मोबाइल ठेवतात तसा.

तू मत विचारलंस म्हणून सांगते. बटण ठेव. ती कंपनी म्हणते ते बरोबर आहे. माणूस खेळायला बसतो तो थोडं सुख मिळावं म्हणून. जे दारात रोज उभं आहे ते पुन्हा पडद्यावर कशाला हवं. मी माझ्या जुन्या घरी परत गेले आहे. तिथे चिकू नाही, पण बाकी सगळं जागच्या जागी आहे.

सर्वपित्रीला तुझी आई आली होती. दर वर्षीप्रमाणे म्हणाली की त्यांचं पान वाढ, कावळ्याला घास ठेव. दर वर्षीप्रमाणे मी म्हणाले की मी असलं काही मानत नाही. ती माझी भांडी घासून गेली. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तुझ्यावर रागावलेली नाही. पण पुढचं पत्र जरा उशिरा लिही.
मावशी


॥ श्री ॥

झरी
२४ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उशिरा लिही म्हणालीस, लिहिलं. तुला जो त्रास झाला त्याचं मला फार वाईट वाटतं. तुझं पत्र वाचून मी बटण घालायला बसले होते. उमेशने ते पाहिलं आणि उठून भात झोडायला निघून गेला.

पण त्याहून मोठं संकट आलं आहे. मुंबईला नव्या खेळांचं प्रदर्शन होतं, तिथे आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. आमच्या मागच्याच भिंतीवर मोठ्या खेळाची ही एवढी जाहिरात. तरी गर्दी चांगली होती, भिंती लिंपायला लोकांना मजा येत होती. एक बाई मात्र भराभर खेळत पुढे गेल्या. इतक्या पुढे तोवर कुणी गेलंच नव्हतं. त्यांच्या घरातला आजा वारला, आणि नंतर कापणी आली. नवा भात शिजला. हाका मारल्या. सगळे येऊन बसले आणि बसूनच राहिले. घास कुणी उचलेना. दिवस गेला, दुसरा गेला, पंगतीला आलेले शेजारीही तसेच. अख्खं गाव वाफाळत्या भाताभोवती उपाशी. लोक टेबलाभोवती जमले, कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं, आणि आता मोठ्या खेळाला टक्कर द्यायला निघालेले आम्ही तिघं उपाशी गाववाले म्हणून प्रसिद्ध आहोत.

चूक शोधली तर ती उमेशची आणि माझी मिळून निघाली. हाका मारायचा नियम त्याचा. बायजी नव्या भाताला घरातल्या सगळ्यांना हाक मारते, गेलेल्यांनाही, नावं घेऊन. म्हणून त्याने गेलेली माणसंही त्यात धरली, त्याला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. आणि सगळे आल्याशिवाय घास उचलायचा नाही हा नियम माझा. अण्णांची ड्युटी कितीही लांबो, डहाणूला आमची पानं थांबलेली असायची. मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्याच्या घरची रीत बरोबर, माझ्या घरची रीत बरोबर. दोन्ही एका चुलीवर आल्या आणि गेलेला माणूस काही येईना, म्हणून गाव जेवेना.

कंपनी म्हणते, मेलेल्यांना हाका मारणं काढून टाका, वय थांबवायचं बटण घाला, मग सही करू. उत्तर डिसेंबर संपायच्या आत हवं आहे. उमेश म्हणतो, आजीची हाक काढणार असाल तर मी यात नाही. रविना म्हणते, हाक राहू दे, थांबणं काढा. मी म्हणते, थांबणं काढलं तर माझ्या घरचं त्यात उरलं काय. एका छपराखाली राहतो आणि भाकरी मागायची तरी तुळशीकाकूंच्या मार्फत मागतो. काकूंनी काल सांगून टाकलं की उद्यापासून ज्याची त्याने मागा.

मला वाटतं मी सही करणार. उमेश जाईल, रविनाही त्याच्यामागे जाईल. खेळ राहील, पण तो कुणाचा असेल ते मला सांगता येत नाही. तुझं बटण मात्र त्यात नक्की असेल.

माया असू दे, सध्या तिची गरज आहे.
तुझी,
श्रुतिका


॥ श्री ॥

बोर्डी
३ डिसेंबर २०२५

चि. श्रुतिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सही केली नसशील तर करू नकोस. कारण पुढे आहे, पत्र संपल्याशिवाय उठू नकोस.

तुझं पत्र यायच्या आधीच मी तो पेन ड्राइव्ह तांदळातून बाहेर काढला होता. जुन्या घरात मन लागेना. ओट्यावर बसलेल्या माणसाला तसंच टाकून, दार ओढून घेऊन आपण निघून आलो, याची रुखरुख लागली. म्हणून परत गेले. ते तिथेच बसलेले होते. तुमच्या खेळात म्हाताऱ्यासाठी फार काही करता येत नाही, शेजारी बसता येतं, आंबील देता येते, ते बोलले तर ऐकता येतं. ते सगळं केलं. त्यांनी पोरीला बियाणं कुठे आहे ते सांगितलं, तिलाही एव्हाना एक मुलगा झाला आहे. मला काय सांगितलं ते लिहीत नाही, कारण ते त्यांचं बोलणं नव्हतं, रविनाने चित्रातल्या ओठांना दिलेलं हलणं होतं, हे मला कळतं. तरी मी ऐकलं.

एका दुपारी ते उठले नाहीत. मी इथे खुर्चीत त्यांच्यासमोर होते. खऱ्या वेळी मी घरात भाजी निवडत होते आणि स्टेशनचा माणूस सायकलवरून सांगायला आला होता. या वेळी मी जवळ होते. ज्याला मी घाबरले होते तेच झालं, आणि मी बसूनच राहिले. एवढंच.

मग कापणी आली. पोरीने हाका मारल्या, त्यांचंही नाव घेतलं, आणि सगळे थांबले. मला वाटलं तुम्ही हे मुद्दामच केलं आहे. म्हटलं, पोरं हुशार निघाली, यांनी माझं घर बघून खेळ केला. माझ्याकडे दुसरं काय चाललं आहे गं? हाक मारून ठेवली आहे, रोज संध्याकाळी ते पडद्यावर परत येतात, आणि मी इथे जेवायची थांबलेली. नंतर तुझं पत्र आलं आणि कळलं की ती चूक होती. आधी मला हसू आलं, मग तुमचा राग आला.

हाक काढायची की थांबणं काढायचं यावर तुम्ही भांडता आहात. दोन्हीतलं काही काढू नका. हाक मारली ती बरोबर आणि थांबले तेही बरोबर. मधली एक गोष्ट राहिली आहे. गेलेल्या माणसाचं पान वाढायचं असतं. पान वाढलं की तो आला. मग बाकीच्यांनी जेवायचं. यात मी काही नवीन सांगत नाही. तुझी आई हेच मला दर सर्वपित्रीला सांगत आली आहे आणि मी तिला दर वेळी विज्ञान शिकवत आले आहे.

ते पान खेळणाऱ्याच्या हातात द्या. आपोआप वाढू नका. कधी वाढायचं ते ज्याचं त्याला ठरवू दे. एखादी बाई कितीतरी दिवस वाढणार नाही. बसू दे तिचं गाव उपाशी, हसणारे हसू देत. आधी पोटोबा मग विठोबा हे मलाही माहीत आहे, पण काही घास असे असतात की हात उचलत नाही. जिला कळायचं तिला ते बरोबर कळेल.

आणि बटण माझ्यासाठी म्हणून तर मुळीच घालू नकोस. मोठ्या खेळात ते आहे, तिथेच असू दे. मला यांचं म्हातारपण बघायला मिळालं ते तुमच्या खेळात. तिकडे ते मिळालं नसतं, मीच मिळू दिलं नसतं.

हे सगळं दुसऱ्याला सांगणं सोपं आहे. मी स्वतः अजून पान वाढलेलं नाही. तुमच्या खेळात तशी सोय नाही आणि घरी सोय आहे, पण धीर नाही. ते माझं मी बघेन. तू आधी उमेशकडे जाऊन भाकरी माग.

तुझ्यावर माझा जीव आहे, तो असा कामाला लावत जाऊ नकोस.
मावशी


॥ श्री ॥

झरी
८ फेब्रुवारी २०२६

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. तुझं पत्र मी चुलीपाशी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, तुझं खासगी वगळून.  उमेश म्हणाला की नव्या भाताला त्यांच्याकडेही कणगीपाशी गेलेल्यांचा वाटा ठेवतात, हाका मारायच्या आधी. तो खेळात लिहायचं त्याला का सुचलं नाही असं मी विचारलं, तर म्हणाला ते तर असतंच. जे असतंच तेच लिहायचं राहून जातं बघ. मग मी त्याच्याकडे भाकरी मागितली. त्याने मोठी दिली.

रविनाने पान काढलं. ते खेळणाऱ्याच्या हातातच आहे. नाव उमटतं, पान वाढलं जातं, मग पहिला घास घरातलं सगळ्यात लहान माणूस उचलतं. कंपनीने शुभेच्छा देऊन आमची रजा घेतली. आम्ही आमच्या हिमतीने खेळ बाहेर काढला, गेल्या आठवड्यात. मोठा खेळ जागचा हललेला नाही. त्याच आठवड्यात त्यांनी नवे सोफे काढले आणि जग तिकडे धावलं. पण आमच्याकडेही लोक आले, आमच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ, आणि पुढचं वर्षभर तिघांना हेच काम करता येईल असं दिसतं आहे. नागपूरच्या एका माणसाने लिहिलं की त्याने आईचं नाव दिलं होतं आणि पान वाढायला त्याला आठवडा लागला. कुठल्या तरी थंड देशातल्या एका बाईने लिहिलं की तिचं गाव अजून थांबलेलं आहे, तिला घाई करायला सांगू नका. उपाशी गाव म्हणून हसणारे आहेतच. आता आम्हीच त्यांना हो म्हणतो.

अण्णा परवा डहाणूहून आले होते. खेळ बघून म्हणाले की मुलीने चांगलं केलं, सगळे एकत्र जेवतात.

सोबत नवा पेन ड्राइव्ह आहे, तुझं घर जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू होईल. बायजीने आमच्या खळ्यावरचा नवा तांदूळ पाठवला आहे. तो उमेश स्वतः घेऊन येतो आहे, टपालवाल्याने हलवून बघितला असता.

तुझी,
श्रुतिका


॥ श्री ॥

बोर्डी
१९ फेब्रुवारी २०२६

चि. श्रुतिकास, उमेश आणि रविना यांसही,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उमेश येऊन गेला. चिकूची करंडी दिली आहे, वाटेत संपवली नसेल तर तुम्हाला मिळेल. मुलगा कमी बोलतो. तुझ्यासारख्या मुलीबरोबर काम करायला तसाच लागतो.

तुमच्या खेळात चिकू फार लवकर लागतो. लावल्यावर लगेच फळ धरायला ते गवत नाही. सुधारा. बाकी बसलेल्या गावापुढे मी पान घेऊन गेले, नाव उमटलं, वाढलं. पोरीच्या मुलाने पहिला घास घेतला. सगळे जेवले. मी शेवटपर्यंत बघत होते.

मग मोठा खेळ उघडला. ते कामावरून आले, तोच चष्मा, तोच शर्ट. इतकी वर्षं बंद होतं ते बटण मी चालू केलं. त्यांचे केस आता थोडे पांढरे झाले आहेत. त्यांना चांगले दिसतात. जायचे तेव्हा जातील. मी समोर असेन.

काल बायजींच्या तांदळाचा भात केला. घरभर वास सुटला. स्वयंपाकघरात दोन पानं मांडली. त्यांच्या पानावर भात, वरण, वर तूप, आणि त्यांना लागायची म्हणून मिरची. तुझ्या आईला फोन करून विचारलं की आधी काय करायचं असतं. ती रडायला लागली, त्यामुळे काही कळलं नाही. शेवटी तुमच्या खेळात आहे तसंच केलं. दारात उभी राहिले आणि त्यांना नावाने हाक मारली. जन्मात पहिल्यांदा, चांगली मोठ्याने. समोरच्या पुष्पाबेन फाटकाशी आल्या आणि कुणाला बोलावता म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरच्यांना, जेवायला. दार उघडंच होतं. थोडा वेळ थांबले.

मग मी जेवले.

तुझ्यावर लोभ आहे, आणि आता तो तुझ्या गावावरही आहे.
तुझी,
मावशी